गरम झाल्यावर सुरू न होणारे रोटरी इंजिन : सील बदलण्याआधी काय मोजावे आणि इंजिन पुन्हा कसे बांधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तीन टोकांचे रोटर फिरणाऱ्या इंजिनाची, माझदा आरएक्स-८ गाडी १,१०,००० किलोमीटर चालली आहे. थंड असताना ती पहिल्याच सेलला सुरू होते, पण गरम इंजिन बंद केले की पुढचा अर्धा तास कितीही सेल मारला तरी सुरू होत नाही. इंजिन गरम असताना मिनिटाला २५० फेऱ्यांवर कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षातला दाब, तपासले, तेव्हा पुढच्या रोटरच्या तीन कक्षांत ५६०, ५४० आणि ७१० किलोपास्कल, तर मागच्या रोटरवर ६९०, ७०० आणि ६९० किलोपास्कल असे आकडे मिळाले. गॅरेजचे म्हणणे असे की एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, बदलले की काम भागेल. हे खरे आहे का, आणि इंजिन उघडलेच तर काय काय करावे, असे आपण विचारले आहे.

इंजिन उघडावे लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ‘फक्त एपेक्स सील बदलू’ हा सल्ला मला मान्य नाही. सील का गेले हे न शोधता नवे सील घातले, तर तेही त्याच वाटेने जातात आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लवकर जातात.

आधी आकडे नीट वाचू. या इंजिनासाठी २५० फेऱ्यांना ८३० किलोपास्कल हे प्रमाण आणि ६८० ही किमान मर्यादा आहे. एकाच रोटरच्या तीन कक्षांमध्ये १५० पेक्षा जास्त आणि दोन रोटरांमध्ये १०० पेक्षा जास्त फरक नसावा. आपला मागचा रोटर मर्यादेच्या काठावर उभा आहे. पुढच्या रोटरचे दोन कक्ष सरळ नापास आहेत आणि कक्षांमधला फरक १७० आहे. इथे दोनच कक्ष खाली आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. रोटर तीन टोकांचा असतो आणि प्रत्येक टोकावरचे एपेक्स सील दोन शेजारच्या कक्षांमधली भिंत असते. म्हणून एक एपेक्स सील किंवा त्याच टोकाच्या कोपऱ्यातले गोल कॉर्नर सील गेले, तर जोडीने दोन कक्ष खाली येतात. एकच कक्ष खाली असेल तर संशय त्या कक्षाच्या साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूवरच्या पट्टीवर, जातो. तिन्ही कक्ष सारखेच खाली असतील, तर सर्वत्र झीज झालेली असते किंवा सेल मारताना इंजिन पुरेशा वेगाने फिरलेले नसते. आपल्या पुढच्या रोटरच्या एका टोकावर दोष आहे, एवढे हे आकडे स्पष्ट सांगतात. त्या अर्थाने गॅरेजचा अंदाज पूर्ण चुकलेला नाही.

हे आकडे तीन वेगवेगळ्या कक्षांचे मिळाले, हे आपले भाग्य. साध्या पिस्टन इंजिनाच्या गेजमध्ये दाब अडवून धरणारी झडप असते, त्यामुळे काटा तिन्हींपैकी सर्वांत चांगल्या कक्षाचा आकडा दाखवून तिथेच थांबतो. त्या गेजने आपल्या पुढच्या रोटरवर ७१० दाखवले असते आणि दोन्ही रोटर ठीक आहेत असा निष्कर्ष निघाला असता. रोटरीसाठीचे गेज नसेल तर साध्या गेजची झडप काढून टाकावी आणि काट्याचे ठोके पाहावेत. तीन ठोके एकसारखे पडतात की एक जोराचा आणि दोन मरतुकडे, एवढे त्यातून नक्की कळते. रोटर ज्यावर बसतात त्या शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते, म्हणून २५० फेऱ्यांना एका रोटरवर मिनिटाला २५० ठोके पडतात आणि एका कक्षाच्या वाट्याला त्यांतले साधारण ८३ येतात.

इंजिन उतरवण्याआधी ही तपासणी एकदा पुन्हा करावी. बॅटरी पूर्ण चार्ज असावी, इंजिन चालून गरम झालेले असावे, इंधन आणि इग्निशन बंद ठेवावे, थ्रॉटल पूर्ण उघडे असावे आणि ज्या रोटरवर मोजत आहात त्याचा दुसरा प्लग जागेवर घट्ट असावा. सेलच्या वेळी फेऱ्या किती पडतात हेही लिहून घ्यावे. २०० फेऱ्यांवर मोजलेला आकडा २५० च्या मर्यादेशी लावला, तर चांगले इंजिनही नापास ठरते. या गाडीचा स्टार्टर गरम झाल्यावर मंद फिरतो ही जुनी तक्रार आहे. गरम तेल पातळ होऊन सीलभोवतीच्या फटी भरेनासे होते आणि त्याच वेळी स्टार्टरही मंदावतो. थंड असताना सुरू होणारे इंजिन गरम झाल्यावर हट्टाने बंद राहते, त्यामागे बहुधा या दोन गोष्टींची जोडी असते. तपासणीच्या आदल्या दिवशी इंजिन पेट्रोलने भिजले असेल, तर भिंतीवरचे तेल धुऊन गेल्यामुळेही आकडे पडतात. अशा वेळी प्लग काढून सेल मारून पेट्रोल बाहेर टाकावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडावे, इंजिन सुरू करून नीट तापवावे आणि मगच मोजावे.

आता मुख्य प्रश्न कारणाचा. या इंजिनात मी पुन्हा पुन्हा पाहिलेली साखळी अशी आहे. प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल हळूहळू कमजोर होतात, पण गाडी चालत राहते, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही. पूर्ण न जळलेले मिश्रण एग्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्याचा गाभा वितळतो आणि वाट तुंबते. मागचा दाब वाढला की जळलेला वायू बाहेर पडायला अडतो आणि रोटर, सील व त्यांच्या स्प्रिंगा नको तेवढ्या तापतात. या पिढीत एग्झॉस्टची भोके रोटरभोवतीच्या रोटर हाउसिंगमध्ये नसून बाजूच्या सपाट साइड हाउसिंगमध्ये (प्लेटमध्ये) आहेत, म्हणून तिथल्या उष्णतेचा आणि कार्बनचा मार साइड सील व कॉर्नर सीलवर थेट बसतो. मधल्या हाउसिंगमधले भोक दोन्ही रोटरांना सामायिक आहे, त्यामुळे तो भाग सर्वांत जास्त तापतो. दुसरे कारण वंगणाचे आहे. या इंजिनात मीटरिंग पंप मोजून तेल कक्षात सोडतो. त्याची नळी तडकली, झडप चिकटली किंवा तेलाची पातळी वरचेवर खाली जात राहिली, तर एपेक्स सील जवळजवळ कोरडे घासते. २००९ च्या सुधारित इंजिनात प्रत्येक रोटरला तेलाचा तिसरा इंजेक्टर दिला गेला, यावरून आधीच्या इंजिनांत वंगण कुठे तोकडे पडत होते ते समजते. म्हणून कॉइल, प्लग, कन्व्हर्टर आणि तेलाच्या नळ्या यांची तपासणी हा इंजिन बांधणीचाच भाग समजावा.

उघडताना घाई करू नये, कारण पुरावा तिथेच असतो. फ्लायव्हीलचा ५४ मि.मी.चा नट ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो आणि त्यावर लॉकिंग द्रव लावलेले असते, त्यामुळे फ्लायव्हील पक्के अडवल्याशिवाय आणि लांब दांड्याशिवाय तो सुटत नाही. पुढचा बोल्ट आणि पुढचे कव्हर निघाल्यावर इंजिन पुढची बाजू खाली करून स्टँडवर उभे करावे, सगळे थर एकत्र आवळणारे टेन्शन बोल्ट क्रमाने थोडे थोडे ढिले करावेत आणि मग मागच्या टोकापासून एकेक थर उचलावा. प्रत्येक सील कोणत्या रोटरच्या, कोणत्या टोकाच्या, कोणत्या बाजूच्या खाचेतून निघाले हे लिहिलेल्या कप्प्यांच्या पेटीत ते ठेवावे. जुने सील कचऱ्यात जाणार असले तरी हे करावेच. ज्या टोकाने दोन कक्ष खाली आणले ते टोक ओळखता आले नाही, तर तपासणीचा अर्धा उपयोग गेला. सील बाहेर काढण्याआधी बोटाने हळूच दाबून पाहावे. चांगले सील दबते आणि स्प्रिंगने लगेच वर येते, तर कार्बनमध्ये जखडलेले सील दबतच नाही. काही वेळा मोडलेले असे काहीच सापडत नाही. एका टोकाचे कॉर्नर सील भोकात चिकटून बसलेले असते आणि आकड्यांमधला सगळा फरक तेवढ्यामुळेच पडलेला असतो.

थर वेगळे झाले की जे भाग परत वापरायचे आहेत त्यांची मोजमापे सुरू होतात. बांधणी टिकणार की नाही हे इथे ठरते. रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचे, आत पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोमचा थर, अशी त्याची रचना असते. आतला पृष्ठभाग धुऊन, कोरडा करून, तिरप्या उजेडात पाहावा आणि मग नख आडवे फिरवावे. लांबीच्या दिशेने असलेल्या फिक्या रेषा नखाला लागत नसतील तर त्या चालतात. कडेला, विशेषतः प्लगच्या भोकांच्या आसपास, क्रोम सुटून खालचा धातू दिसत असेल, तर त्या हाउसिंगवर मी नवे सील बसवत नाही. सुटलेल्या क्रोमची कड नव्या सीलला कानशीसारखी घासते. उभ्या लहरींचे माग दिसले, तर सील भिंतीवर थरथरत चालले आहे असे समजावे. १९६० च्या दशकात हे इंजिन रस्त्यावर आणणाऱ्या अभियंत्यांपुढचा सर्वांत मोठा अडथळा हाच होता आणि त्या खुणांना त्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. त्यानंतर हाउसिंगची ८० मि.मी. रुंदी मायक्रोमीटरने आतल्या कडेलगत तीन-चार ठिकाणी मोजावी. ठिकाणाठिकाणांमध्ये ०.०६ मि.मी. पेक्षा जास्त फरक आला, तर उष्णतेने हाउसिंग आकारातून गेले आहे.

साइड हाउसिंग ओतीव लोखंडाची असतात. त्यांच्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पत्र्यांनी) वाक पाहावा आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मोजयंत्र) सरकवून साइड सीलने पाडलेली पायरी मोजावी. पायरी ०.१० मि.मी.च्या वर गेली असेल तर ती प्लेट मी परत वापरत नाही. प्लेट घासून सपाट करून देणारे पुष्कळ भेटतात, परंतु पृष्ठभागाला नायट्राइडिंगने दिलेला कठीण थर पातळ असतो. घासण्यात तो निघून गेला आणि पुन्हा दिला नाही, तर मऊ लोखंडावर साइड सील काही हजार किलोमीटरांत नवी पायरी पाडते. म्हणून प्लेट घासून घ्यायची असेल, तर नंतर नायट्राइडिंग होणार का हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. आपल्या इंजिनात एग्झॉस्टच्या भोकांच्या कडा आणि मधल्या प्लेटच्या दोन्ही बाजू जास्त बारकाईने पाहाव्यात, कारण झीज तिथे आधी येते.

रोटर साफ करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नये. कार्बन भिजत ठेवावा आणि पितळी ब्रशने काढावा. खाचांत पोलादी स्क्रू-ड्रायव्हर अजिबात घालू नये. एपेक्स सीलची खाच साफ करायला मोडलेल्या जुन्या सीलचा तुकडा सर्वांत चांगला, कारण तो खाचेच्या मापाचाच असतो. नंतर नवे सील खाचेत ठेवून बाजूची फट फीलर गेजने पाहावी. ०.०५ ते ०.१० मि.मी. ठीक आहे, ०.१५ च्या पुढे रोटर बदलावा. खाच वरच्या तोंडाशी रुंद आणि तळाशी बरोबर अशी झिजलेली असू शकते, म्हणून गेज फक्त तळाला अडकले यावर समाधान मानू नये. रोटरचे बेअरिंग आणि हाउसिंगला पक्क्या बसवलेल्या स्टेशनरी गिअरमधले मुख्य बेअरिंग यांच्यावर तांबूस धातू उघडा पडलेला दिसला, तर ती बेअरिंग बदलावीत. या मॉडेलमध्ये हे वारंवार दिसते आणि कॉम्प्रेशनच्या नादात त्याकडे दुर्लक्ष होते.

स्प्रिंगा, ओ-रिंगा, पाण्याचे सील आणि तेलाच्या रिंगांमधले रबर हे सर्व नवेच घ्यावे. त्यांतली एखादी वस्तू वाचवण्यासाठी इंजिन पुन्हा उघडण्याचा धोका पत्करू नये.

सर्वांत जास्त वेळ साइड सील बसवण्याला द्यावा. नवे साइड सील किंचित लांब येते आणि ते हाताने घासून मापाला आणावे लागते. कॉर्नर सील भोकात बसवावे, साइड सीलचे एक टोक एका कॉर्नर सीलला टेकवावे आणि दुसऱ्या टोकाशी उरणारी फट पाहावी. ०.०५ ते ०.१५ मि.मी. ही मर्यादा आहे आणि मी ०.०५ च्या जवळ राहतो, कारण कॉर्नरजवळून होणारी गळती ही फटच ठरवते. घासताना सीलची गोलाई कॉर्नर सीलशी जुळेल अशा कोनात, बारीक दगडावर, दोन-तीन फटके आणि पुन्हा मोजणे, असे सावकाश जावे. एकदा जास्त घासले गेले की ते सील त्या खाचेसाठी गेले. फट अगदीच मिटवली, तर गरम झाल्यावर सील लांबून कॉर्नर सीलला भिडते आणि दोन्ही जखडतात. दोन रोटर, प्रत्येकी दोन बाजू, प्रत्येक बाजूला तीन, म्हणजे एकूण बारा सील होतात. प्रत्येक सील एकाच खाचेसाठी बनलेले असते, म्हणून मापाला आले की त्याच खाचेच्या नावाच्या कप्प्यात ठेवावे. या कामाला माझा जवळजवळ एक दिवस जातो आणि तो दिवस वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही.

बांधणी खालून वर होते. पुढची प्लेट खाली, तिच्या गिअरवर पुढचा रोटर, मग एक्सेंट्रिक शाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा), मग रोटर हाउसिंग, असा क्रम असतो. सील आणि ओ-रिंगा पेट्रोलियम जेलीने जागेवर धरून ठेवाव्यात. मधली प्लेट चढवताना शाफ्ट साधारण २५ मि.मी. वर उचलून धरावा लागतो, नाहीतर प्लेट मागच्या रोटरच्या जर्नलवरून (शाफ्टच्या फुगीर भागावरून) पार होत नाही. हे काम दोघांचे आहे. एकाने शाफ्ट उचलून स्थिर धरावा आणि दुसऱ्याने प्लेट सरळ उतरवावी. उतरताना प्लेट कुठे किंचितही अडली तर दाब देऊ नये. वर उचलून आत पाहावे, बहुतेक वेळा एखादे कॉर्नर सील वर आलेले किंवा पाण्याचे सील खाचेतून सरकलेले दिसते. दाबून बसवलेल्या प्लेटखाली चिमटलेले पाण्याचे सील पहिल्याच आठवड्यात पांढरा धूर आणि रेडिएटरमधले बुडबुडे दाखवते. टेन्शन बोल्ट पुस्तिकेतल्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. त्यांचा अंतिम टॉर्क ४० न्यूटन-मीटरच्या आतच असतो. लांबलचक बोल्ट पाहून हात जास्त ओढतो, म्हणून इथे टॉर्क रेंचवाचून आवळू नये.

यानंतरची एक जागा मी खास सांगतो, कारण तिथे माझी स्वतःची चूक झाली आहे. पुढच्या टोकाला शाफ्टची पुढे-मागे हालचाल रोखणारे थ्रस्ट बेअरिंग, स्पेसर (अंतर ठरवणारी कडी) आणि प्लेट यांचा संच असतो. पुढचा बोल्ट आवळताना इंजिन आडवे असेल, तर बेअरिंगची सुयांची चकती खाली घसरते आणि स्पेसरच्या कडेवर चिमटली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. मी सुरुवातीच्या काळात बांधलेल्या एका इंजिनात हे झाले. शाफ्ट हाताने जड फिरत होता आणि सील नवे असल्यामुळे जड वाटत असेल अशी मी समजूत करून घेतली. शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल मी त्या वेळी मोजली नाही. काही तासांच्या चालण्यात चकतीचा चुरा झाला आणि तो तेलाबरोबर सगळ्या बेअरिंगांत गेला. तेव्हापासून मी इंजिन पुढचे टोक वर करून उभे ठेवतो, चकती जागेवर आहे हे बोटाने चाचपतो आणि बोल्ट आवळल्यावर फ्लायव्हीलच्या टोकाशी डायल गेज लावून हालचाल मोजतो. ती ०.०४ ते ०.०७ मि.मी. असावी आणि ०.०९ च्या वर जाऊ नये. शून्य आली तर चकती चिमटलेली आहे असेच समजावे. जास्त आली तर दुसऱ्या जाडीचा स्पेसर घालावा.

बांधलेले इंजिन गाडीत चढवण्याआधी हाताने फिरवावे. प्रत्येक कक्ष प्लगच्या भोकाशी आला की एक दबका फुसकारा ऐकू येतो. एका रोटरचे तीन फुसकारे कानाला सारखे वाटले पाहिजेत.

पहिल्यांदा सुरू करताना कक्षांत थोडे तेल सोडावे, तेलाचा दाब येईपर्यंत इंधन बंद ठेवून सेल मारावा आणि मगच इंजिन पेटवावे. जेली आणि तेल जळून बराच वेळ दाट धूर येतो, त्याने घाबरू नये. पाण्याची पातळी आणि तापमान यांवर मात्र सतत लक्ष ठेवावे, कारण पाण्याच्या वाटेत हवा अडकून राहिली तर नव्या सीलची पहिलीच भेट जास्त उष्णतेशी होते. पहिले १,५०० किलोमीटर जोर लावू नये, फेऱ्या ४,००० च्या आसपासच ठेवाव्यात, एकाच वेगाने फार वेळ चालवू नये आणि टाकीत पेट्रोलबरोबर थोडे टू-स्ट्रोक तेल मिसळावे. पहिले तेल लवकर, ५०० किलोमीटरच्या सुमारास काढावे आणि गाळून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे.

नवे सील भिंतीशी जुळेपर्यंत कॉम्प्रेशन कमीच येते, म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून निराश होऊ नये. ५०० आणि १,५०० किलोमीटरला, तेवढेच गरम इंजिन, तीच पूर्ण चार्ज बॅटरी आणि फेऱ्यांची नोंद, अशा एकाच पद्धतीने मोजावे आणि सहाही आकडे तारखेसह एकाखाली एक लिहावेत. आकडे चढत असतील आणि एका रोटरच्या तीन कक्षांमधला फरक कमी होत असेल, तर काम बरोबर झाले आहे. पुढच्या रोटरचे तेच दोन कक्ष पुन्हा मागे राहिले, तर दोष त्या टोकाच्या खाचेत किंवा कॉर्नर सीलच्या भोकात उरलेला आहे आणि तो रोटर बदलावा लागेल.